घर कोणाचे आणि किती रुपयांचे? घटस्फोटातील घराच्या मूल्यांकनाचा प्रश्न



गणेशोत्सवात किंवा कोजागिरीला आपण एकत्र जमतो, तेव्हा मुलांची शिक्षणे, बदल्या, लग्ने यांबद्दल मोकळेपणाने बोलतो. घटस्फोटाबद्दल मात्र आवाज खाली येतो. कोणी तरी बाजूला घेऊन विचारते, "ओळखीचा चांगला वकील आहे का हो?" आणि थोड्या वेळाने दुसरा प्रश्न येतो, "आणि घराचे काय होणार?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणी ना कोणी देते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा ऐकीव असते. "बायकोला अर्धे मिळतेच", "ज्याच्या नावावर रजिस्ट्री त्याचेच घर", "हप्ते मी भरले, म्हणजे घर माझे" अशी तीन वाक्ये आपल्याकडे नेहमी ऐकू येतात. तिन्ही अर्धवट खरी आहेत आणि अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय लाखो रुपयांना महाग पडतो. म्हणून या वेळी आम्ही हा विषय मांडत आहोत. कोणाच्या संसाराचा न्यायनिवाडा करण्याचा आमचा हेतू नाही. घराची किंमत कशी ठरते आणि त्या किमतीचा कायद्यात कुठे उपयोग होतो, एवढेच सांगायचे आहे.

भोपाळातली आपली घरे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून अनेक मराठी कुटुंबे इथे आली. काही ग्वाल्हेर-इंदूरकडून आली, काही भेलच्या कारखान्यामुळे आली. पहिली पिढी सरकारी क्वार्टरमध्ये राहिली. निवृत्तीच्या आसपास कोणी गृहनिर्माण सहकारी संस्थेतून भूखंड घेतला, कोणी हाउसिंग बोर्डाचे किंवा बीडीएचे घर घेतले. त्या घरांची मालकी सरळ होती. एक कमावता, एक नाव, एक रजिस्ट्री.

आजच्या पिढीचे तसे नाही. कोलार रोड, नर्मदापुरम रोड, अयोध्या बायपास या भागांतले फ्लॅट आणि डुप्लेक्स नवरा-बायको दोघांच्या पगारावर मिळालेल्या कर्जातून घेतलेले असतात. सुरुवातीची रक्कम एखाद्या वेळी मुलीच्या वडिलांनी दिलेली असते, एखाद्या वेळी मुलाच्या आईचे दागिने मोडलेले असतात. कुठे वडिलांच्या भूखंडावर मुलगा आणि सून मिळून वरचा मजला बांधतात. संसार सुखाचा असतो तेव्हा हे हिशेब कोणी लिहून ठेवत नाही, आणि ठेवूही नयेत असे आपल्याला वाटते. पण संसार मोडतो तेव्हा नेमके हेच हिशेब मागितले जातात.

"अर्धे मिळतेच" हे कितपत खरे?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यात लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता साधारणपणे दोघांची समसमान मानली जाते. परदेशात असलेल्या आपल्या मुलांकडून हे ऐकून अनेकांना वाटते की इथेही तसेच असेल. मध्य प्रदेशात किंवा महाराष्ट्रात तसा कायदा नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम २७ नुसार न्यायालय मालमत्तेची विल्हेवाट लावू शकते, पण ती लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या मालकीच्या असू शकणाऱ्या वस्तूंची. लग्नानंतर दहा वर्षांनी घेतलेला फ्लॅट या शब्दांत सहज बसत नाही.

मग घराचा प्रश्न कसा सुटतो? मालकी कोणाची हे आधी पाहिले जाते. रजिस्ट्रीत दोघांची नावे असतील तर दोघे सहमालक. हिस्सा लिहिलेला नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ज्याने जितका पैसा घातला त्या प्रमाणात हिस्सा धरता येतो, आणि तसा पुरावा नसेल तर दोघांचे हिस्से समान मानले जातात. हप्ते भरण्याच्या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितले की, घर दोघांच्या नावावर असताना केवळ हप्ते आपण भरले म्हणून पतीला पूर्ण घरावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही.

घर एकट्या पतीच्या नावावर असेल तर? तेव्हा पत्नीला मालकीचा अर्धा हिस्सा आपोआप मिळत नाही. पण म्हणून घराची किंमत गैरलागू ठरत नाही. कलम २५ खाली कायमची पोटगी ठरवताना न्यायालय दोघांचे उत्पन्न आणि मालमत्ता पाहते, आणि गरज पडल्यास पोटगीच्या रकमेचा बोजा देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर ठेवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगीच्या प्रकरणांसाठी दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे देशभर बंधनकारक केले. त्या प्रतिज्ञापत्रात घराचा तपशील द्यावा लागतो. म्हणजे घर कोणाच्याही नावावर असो, त्याची किंमत किती हा प्रश्न टळत नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. भोपाळच्या कुटुंब न्यायालयात दाखल झालेले घटस्फोटाचे एक प्रकरण पुण्याला वर्ग करावे, अशी मागणी पत्नीने केली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९ डिसेंबर २०२४ रोजी त्याचा निकाल लागला. न्यायालयाने पत्नीला १२ कोटी रुपये कायमची पोटगी दिली. आकडा मोठा होता, म्हणून बातमी सगळीकडे गेली. पण त्या निकालातले महत्त्वाचे म्हणणे वेगळे होते. पोटगी म्हणजे पतीच्या संपत्तीशी बरोबरी साधण्याचे साधन नव्हे, असे न्यायालयाने बजावले. पत्नीला सन्मानाने राहता यावे हा पोटगीचा हेतू. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या एका दांपत्याच्या प्रकरणात पत्नीने १२ कोटी मागितले होते. सर्वोच्च न्यायालयाने विवाह संपुष्टात आणताना मुंबईतला फ्लॅट तिच्या नावे करून देण्यास सांगून वाद मिटवला. दोन्ही निकाल एकत्र वाचले की लक्षात येते, न्यायालय टक्केवारी मोजत बसत नाही. वेगळे झाल्यावर दोघांचे जगणे कसे चालेल हे पाहते, आणि त्यात डोक्यावरचे छप्पर हा मोठा भाग असतो.

घरकाम करणाऱ्या बाईचा वाटा

आपल्या समाजात नोकरी सोडून मुले आणि सासू-सासरे सांभाळणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. त्यांच्या नावे पगाराची चिठ्ठी नसते, बँकेचा हप्ता नसतो. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये एका प्रकरणात म्हटले की पती बाहेर कमावतो आणि पत्नी घर सांभाळते, तेव्हा त्या कमाईतून झालेल्या मालमत्तेत तिचेही योगदान असते, आणि तिला समान वाटा मान्य केला. हा निकाल मध्य प्रदेशातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते त्यातून कळते.

संसदेतही हा विषय एकदा दारापर्यंत आला होता. विवाह कायद्यांत दुरुस्ती करणारे २०१० चे विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केले. घटस्फोटाच्या वेळी पतीच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला भरपाई देण्याची तरतूद त्यात होती. लोकसभेत ते मंजूर झाले नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच विधेयकही संपले.

मराठी माणसाला ही चर्चा नवी नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता. आपल्याच राज्यातल्या महूला जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी किती झुंज दिली आणि ते रखडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, हे आपण जाणतो. पुढे १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा स्वतःहून बायकोच्या नावे केला. भांडण नसताना केलेली ती वाटणी होती, म्हणून ती सोपी गेली.

एका घराच्या तीन किमती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घराची किंमत विचारली की भोपाळात तीन वेगवेगळे आकडे ऐकू येतात.

पहिला आकडा कलेक्टर गाइडलाइनचा. महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात, तेच इथे गाइडलाइन. रजिस्ट्रीच्या वेळी मुद्रांक शुल्क किमान किती रकमेवर घ्यायचे हे ठरवण्यासाठी शासन हे दर जाहीर करते. ते मोहल्ला, कॉलनी आणि रस्त्यानुसार असतात. तुमच्या घरात पूर्वेकडे उजेड येतो की तळघरात पाणी भरते, हे त्या तक्त्याला कळत नाही. काही भागांत बाजारभाव गाइडलाइनच्या खूप वर असतो, काही ठिकाणी खाली.

दुसरा आकडा दलालाचा किंवा शेजाऱ्याचा. "मागच्या गल्लीतले ऐंशी लाखांना गेले" असा. त्यात मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांची सरमिसळ असते.

तिसरा आकडा नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा, म्हणजे व्हॅल्युअरचा. तो घर पाहतो, मोजमाप घेतो, कागद तपासतो आणि सहीशिक्क्यानिशी अहवाल देतो. उद्या न्यायालयात उलटतपासणी झाली तर आकडा कसा काढला हे त्याला सांगावे लागते.

या तीन आकड्यांमधला फरक किती महाग पडतो, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, दोघांच्या नावावर समान हिश्श्याचा एक डुप्लेक्स आहे आणि २० लाखांचे कर्ज बाकी आहे. गाइडलाइनप्रमाणे किंमत ४८ लाख, व्हॅल्युअरच्या मते ६८ लाख आणि दलालाच्या मते ८० लाख. एकाने घर ठेवायचे आणि दुसऱ्याला हिश्श्याचे पैसे द्यायचे असे ठरले, तर कर्ज वजा करून अर्धा वाटा अनुक्रमे १४ लाख, २४ लाख आणि ३० लाख होतो. घर तेच, माणसे तीच, आणि फरक १६ लाखांचा. घर ठेवणारा साहजिकच गाइडलाइन पुढे करतो आणि सोडणारा दलालाचे नाव घेतो. अशा वेळी भांडण चालते ते घरासाठी नव्हे, आकड्यासाठी. म्हणून आकडा कोण आणि कसा काढणार हे आधी ठरवावे.

व्हॅल्युअर काय पाहतो

फ्लॅटसाठी बहुधा तुलनेची पद्धत वापरतात. त्याच परिसरात, त्याच सुमारास, तशाच आकाराच्या घरांचे प्रत्यक्ष झालेले व्यवहार पाहून, मजला, वय, पार्किंग, देखभाल यांनुसार कमीजास्त करतात. स्वतंत्र घरासाठी जमीन आणि बांधकाम वेगळे मोजतात. जमिनीला आजचा भाव लागतो, बांधकामाला आज तसे बांधायला लागेल तो खर्च धरून वयाप्रमाणे घट लावतात. भाड्याने दिलेल्या जागेसाठी भाड्यावरून किंमत काढण्याचीही पद्धत आहे.

भोपाळात काही गोष्टी किमतीवर विशेष परिणाम करतात. जमीन फ्रीहोल्ड आहे की लीजवर, लीजची मुदत किती उरली, नूतनीकरण झाले आहे का, हे पहिले. गृहनिर्माण संस्थेचा भूखंड असेल तर संस्थेचे वाद मिटले आहेत का, हे दुसरे. डायवर्शन आणि नामांतरण झाले आहे का, हे तिसरे. मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधकाम हे चौथे. मागच्या अंगणात चढवलेली खोली आपल्याला सोयीची वाटते, पण ती मंजूर नसेल तर व्हॅल्युअर तिला पूर्ण किंमत देणार नाही. आणि मेट्रोसारख्या कामांमुळे काही भागांतला भाव हलला आहे, म्हणून पाच वर्षांपूर्वी कर्ज घेताना झालेले मूल्यांकन आज उपयोगाचे नाही.

बँकेच्या अहवालाबद्दल एक सावधगिरी. बँकेसाठी केलेल्या अहवालात बाजारमूल्याबरोबर तातडीने विकले तर काय मिळेल तो कमी आकडाही लिहिलेला असतो. बँकेला आपले कर्ज सुरक्षित आहे का एवढेच पाहायचे असते. वाटणीसाठी हा खालचा आकडा धरला तर सोडणाऱ्यावर अन्याय होतो. अहवाल कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेचा, हे पहिल्या पानावर लिहून घ्यावे.

तारीख हा स्वतंत्र मुद्दा आहे. वेगळे राहायला लागलो तो दिवस, अर्ज दाखल केला तो दिवस, की समझोत्याचा दिवस? आपल्या विवाह कायद्यात यासाठी एकच ठरलेली तारीख नाही. प्रकरण चार-पाच वर्षे चालले तर भाव बदलतो, कर्जही कमी होते. वेगळे झाल्यावर हप्ते एकट्यानेच भरले असतील तर त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. हे सगळे समझोत्यात शब्दांत लिहिलेले बरे.

सासऱ्यांच्या भूखंडावर वरचा मजला

हे उदाहरण आपल्या अनेक घरांना लागू पडेल. भूखंड आणि तळमजला सासऱ्यांच्या नावावर. वरचा मजला मुलगा आणि सून यांनी बांधला, त्यात सुनेचा पगार आणि माहेरचे पैसे गेले. रजिस्ट्रीत दोघांपैकी कोणाचेच नाव नाही. आता दोघे वेगळे होत आहेत.

इथे राहण्याचा हक्क आणि मालकी हक्क यांची गल्लत होऊ देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी आपला जुना निकाल बदलून सांगितले की, घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या अर्थाने सामायिक घर असू शकते आणि सुनेला तिथे राहण्याच्या संरक्षणाची मागणी करता येते. त्याच वर्षी १५ डिसेंबरला आणखी एका निकालात न्यायालयाने म्हटले की ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचा वापर करून सुनेचा हा हक्क परस्पर डावलता येणार नाही, दोन्ही कायदे मिळून वाचावे लागतील. पण राहण्याचे संरक्षण मिळाले म्हणजे घरात हिस्सा मिळाला असे नाही. मालकी सासऱ्यांचीच राहते.

मग तिच्या पैशांचे काय? इथे मूल्यांकन उपयोगी पडते. व्हॅल्युअरला वरच्या मजल्याच्या बांधकामाची वेगळी किंमत काढायला सांगावे. समजा १००० चौरस फूट बांधकाम आहे आणि आज तसे बांधायला चौरस फुटाला १६०० रुपये, म्हणजे १६ लाख लागतील. बांधकामाचे वय १५ वर्षे, आयुष्य ६० वर्षे आणि शेवटी १० टक्के मूल्य उरते असे धरले, तर घट साडेबावीस टक्के होते आणि आजची किंमत १२ लाख ४० हजार येते. जमिनीचा भाव दहापट वाढला असला तरी तो सासऱ्यांचा. सुनेच्या मागणीचा आधार हा बांधकामाचा आकडा आणि तिने भरलेल्या पैशांचे बँकेचे पुरावे. हा हक्क आपोआप मिळत नाही, पण मध्यस्थीच्या टेबलावर याच आकड्यापासून बोलणे सुरू होऊ शकते. सासऱ्यांच्या बाजूनेही हे हिताचे आहे. उतारवयात घर विकावे लागेल या भीतीतून त्यांची सुटका होते, कारण प्रश्न घराचा न राहता एका ठरावीक रकमेचा होतो.

गोव्याची पद्धत

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला कौटुंबिक कायदा वेगळा आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. विवाह संपला की सर्व मालमत्तेची यादी करून तिची किंमत लावतात. किंमत कमी लावली आहे असे एखाद्याला वाटले, तर पक्षकारांच्या आपसात बोली लावण्याची सोय आहे. जो जास्त बोली लावेल त्याने ती वस्तू घ्यावी आणि दुसऱ्याला त्याच्या वाट्याचे पैसे द्यावेत.

आपल्याला तो कायदा लागू नाही, पण त्यातली युक्ती समझोत्यात वापरता येते. ज्याने किंमत सांगितली त्याने त्याच किमतीला घ्यायची किंवा द्यायची तयारी ठेवावी. मग कोणी मुद्दाम आकडा फुगवत नाही आणि पाडतही नाही. मात्र एकाजवळ पैसे आहेत आणि दुसऱ्याजवळ नाहीत अशा वेळी ही पद्धत दुबळ्यावर अन्याय करते. तेव्हा व्हॅल्युअरचाच आधार घ्यावा.

न्यायालयात काय होऊ शकते

पती-पत्नीमधल्या मालमत्तेचे वाद कुटुंब न्यायालय ऐकू शकते. आकड्यावर एकमत होत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ खाली न्यायालय आयुक्त नेमून मालमत्तेचे बाजारमूल्य काढून घेऊ शकते. सामायिक घराचे तुकडे करणे शक्य नसेल तर १८९३ च्या वाटणी कायद्यात विक्री करून पैसे वाटण्याची, आणि एका हिस्सेदाराला न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला दुसऱ्याचा हिस्सा घेण्याची तरतूद आहे. हे सगळे मार्ग आहेत, पण वेळ खाणारे. परस्पर संमतीच्या अर्जात एकत्र बसून ठरवलेले मूल्य लवकर तडीस जाते. पहिल्या आणि दुसऱ्या सुनावणीतला सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७ रोजी सांगितलेले आहे.

मुद्रांक आणि नोंदणी हा शेवटी आठवणारा खर्च आधीच लक्षात घ्यावा. आपल्याच राज्यातल्या धार जिल्ह्याच्या एका जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी ठरवले की, मालमत्ता त्याच दाव्याचा विषय असेल, हक्क आधीपासूनचा असेल आणि संगनमत नसेल, तर समझोत्याच्या हुकूमनाम्याला नोंदणी आणि मुद्रांक शुल्क लागत नाही. तो दावा घटस्फोटाचा नव्हता, पण तत्त्व उपयोगाचे आहे. म्हणून घराचा पूर्ण तपशील अर्जात आणि समझोत्यात दोन्हीकडे आला पाहिजे. नुसते "घराबाबत आपसात ठरले आहे" असे लिहून चालणार नाही. घर एकट्या पतीचे असेल आणि पत्नीला पहिल्यांदाच मिळत असेल, तर हा फायदा मिळेल असे गृहीत धरू नये.

बँकेचेही तसेच. न्यायालयाने घर एकाला दिले म्हणून दुसरा कर्जातून आपोआप मोकळा होत नाही. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या असतील तर बँक दोघांकडेही वसुली मागू शकते. नाव कमी करण्याचे बँकेचे पत्र हातात येईपर्यंत समझोता पूर्ण झाला असे मानू नये. आणि हिस्सा पैसे घेऊन सोडला तर भांडवली नफ्यावर कर लागू शकतो. २३ जुलै २०२४ पासून त्याचे दर बदलले आहेत. सही करण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला एकदा विचारावे.

मग करायचे काय?

आम्हाला सुचणारा क्रम असा. आधी कागद गोळा करावेत: रजिस्ट्री किंवा लीज डीड, नामांतरण, मंजूर नकाशा, संपत्ती कराची पावती, कर्जाचा बाकी दाखला, आणि सुरुवातीपासून कोणी किती भरले त्याचे बँकेचे उतारे. मग दोघांनी मिळून एकच व्हॅल्युअर नेमावा आणि त्याची फी निम्मी-निम्मी द्यावी. ते जमत नसेल तर दोघांनी आपापला नेमावा, आणि दोन अहवालांत मोठा फरक आला तर तिसऱ्याचे म्हणणे मानायचे असे आधीच लिहून ठेवावे. व्हॅल्युअर कोणाचा नातेवाईक किंवा घर विकून देणारा दलाल नसावा. तो घर पाहायला येईल तेव्हा दोन्ही बाजूंचा एकेक माणूस हजर असावा. मुले शाळेत असतील अशी वेळ निवडावी. आपल्या खोलीची मोजमापे घेतली जाताना पाहणे कोणत्याही मुलाच्या वाट्याला येऊ नये.

वकिलाची फी परवडत नसेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मागता येते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

आणि ज्यांच्या घरी सगळे ठीक आहे, त्यांनाही एक सांगणे आहे. पुढच्या वेळी घर घ्याल तेव्हा रजिस्ट्रीत दोघांची नावे आणि शक्य असल्यास हिस्से लिहा. आईवडिलांच्या भूखंडावर मजला चढवाल तेव्हा कोणाचे किती पैसे लागले त्याचा एक साधा कागद करून ठेवा. यात अविश्वास काही नाही. लग्नाची यादी करताना आपण आहेराची वही ठेवतोच ना? ती कोणी भांडणासाठी ठेवत नाही, नंतर कोणाला आठवत बसावे लागू नये म्हणून ठेवतो. घराची वहीसुद्धा तशीच ठेवायला हवी.

घर मोडले तरी दोन्ही माणसे याच गावात राहणार असतात, याच मंडळात येणार असतात, मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमात समोरासमोर बसणार असतात. एक प्रामाणिक आकडा हातात असला तर निदान त्या वेळी मान खाली घालावी लागत नाही.